खानापूर भागात घर आणि गावचं समुदाय भवन एकाच आर्किटेक्टकडे द्यावं का?

जांबोटीकडचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव जांबोटीच्या अलीकडं, पाऊस कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. जुनं घर मातीच्या भिंतीचं, वर मंगलोरी कौलं, गेल्या पावसात मागची भिंत फुगली म्हणून पाडून नवीन बांधायचं ठरलंय. घरात आई-बाबा, दादा-वहिनी, सुट्टीला आम्ही. आता त्याच वेळी गावात समुदाय भवनाचं पण चाललंय आणि बाबा पंच कमिटीत आहेत. बेळगावातली एक आर्किटेक्ट फर्म भेटली, दोन्ही जागा बघून गेले. घराला चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, बाहेरून गिलावा नाही, मध्ये उघडा चौक आणि स्लॅबच्या पोटात कौलं घालायची असं म्हणतायत. बाबांचं म्हणणं, गिलावा नाही म्हणजे लोक म्हणणार पैसे संपले. आमचा गवंडी म्हणतो स्लॅबमध्ये कौल घातलं आणि उद्या गळलं तर मला बोलवू नका. मला त्यांच्या कामाचे फोटो फार आवडले, पण फोटोवर घर बांधायचं धाडस होईना. ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा, काय विचारू, काय बघू?

सोपा-माजघर
मी ६ वर्षांपूर्वी आर्किटेक्टकडूनच बांधलं, येळ्ळूर साइडला. घर आवडतं, खोटं बोलत नाही, उन्हाळ्यात दुपारी सोप्यात पंखा लागत नाही. पण दोन चुका झाल्या त्या तुम्ही करू नका. पश्चिमेकडं छप्पर भिंतीच्या पुढं फक्त दीड फूट काढलं होतं, दिसायला नाजूक छान. पहिल्याच आषाढात तिरका पाऊस भिंतीवर, चिरा पाणी पितो, कपाट सरकवलं तर मागं हिरवी बुरशी आणि आईच्या लग्नातल्या शालूला वास. शेवटी त्या बाजूनं पडवी काढून घेतली. दुसरं म्हणजे चौक. पाणी जायला एकच पाइप दिला होता, त्यात आंब्याची पानं अडकली आणि रात्री दोनला आई परातीनं पाणी उपसत बसली. चौक हवाच, पण वाटा दोन ठेवायला सांगा आणि जाळी हाताने काढता येईल अशी. आणि जोतं काळ्या दगडाचं घ्या, चिरा जमिनीपासून वर चालू होऊ दे, जमिनीवर आपटून उडणारं पाणी खालच्या थरालाच खातं.

साइटवरचा माणूस
तुमचा गवंडी चुकीचा नाही, त्यानं केलेलं नाही म्हणून घाबरतोय. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं ताण घेत नाही, तिथं सळ्याच काम करतात, म्हणून सळ्यांच्या चौकटीत कौलं ठेवून तेवढं काँक्रीट वाचवायचं, एवढीच गोष्ट. आर्किटेक्ट लॉरी बेकरनी केरळात अशी ढिगानं बांधकामं केली, तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या इमारती त्यांच्याच. पण सळी किती आणि किती अंतरावर हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीच्या ड्रॉइंगवरच पाहिजे, आर्किटेक्टच्या अंदाजावर नको. कौलं ओतायच्या आधी भिजवून घ्या नाहीतर काँक्रीटचं पाणी ओढून घेतात. पंख्याचे हूक, लाइटचे पाइप सगळं ओतायच्या आधी ठरलं पाहिजे, नंतर ड्रिल मारायला गेलात की कौलच फुटतं. गवंड्याला कोपऱ्यात ४ फुटांचा नमुना ओतायला लावा, मजुरी द्या त्याची, मग तोच बोलेल. चिरा खाणीतून आल्या आल्या मऊ असतो, हवेत घट्ट होतो, म्हणून आणून थोडे दिवस ठेवा, चंदगड बाजूचा घेत असाल तर गाडी रिकामी करताना हाताने निवडा.

नंदगडची माहेरवाशीण
घराचं सगळे सांगतील, मी भवनाचं बोलते. सासरच्या गावात नवीन हॉल झाला, आर्किटेक्टनी काढलेला, समोरून देखणा. स्वयंपाकघर स्टेजच्या मागं आणि दार अडीच फुटाचं! लग्नात भाताचं मोठं पातेलं त्यातून जाईना, दोघा जणांनी आडवं करून काढलं, भात सांडला आणि वाढपी भाजला. पंगतीत वाढणाऱ्याला दोन ओळींमधून पायरी न अडखळता जाता येतं का हे कुणी बघितलंच नाही. वर पत्रा, खाली टाइल्स, चारी बाजूला गुळगुळीत गिलावा, माइकवर बोललेलं दोनदा ऐकू येतं आणि पावसात तर पत्र्याच्या आवाजात काहीच नाही. बायकांचं टॉयलेट मुख्य दाराच्या समोर, पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून जायचं. हे सगळं का झालं, तर आराखडा ठरवायच्या बैठकीत एक पण बाई नव्हती. तुमच्या बाबांना सांगा, आर्किटेक्टना एकदा गावातल्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांसमोर बसवा, कागद नको, यात्रेच्या पंगतीत आणून बसवा.

बेळगावचा, सध्या पुण्यात
मी आर्किटेक्चरचं काम करतो. पहिली गोष्ट, १९७२ च्या कायद्यानं आर्किटेक्ट म्हणवायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते, नंबर मागा, ते राग मानणार नाहीत. दुसरं मनापासून सांगतो, दोन्ही कामं एका फर्मला देऊ नका. बाबा पंच कमिटीत असताना तीच फर्म तुमचं घर बांधायला लागली की कितीही स्वच्छ असलं तरी गावात बोलणार, आणि बाबांना म्हातारपणी ते ऐकवणार नाही. भवनाला कमिटीनं दोन-तीन फर्मना बोलवून सर्वांसमोर निवड करावी. आणि घर दादाच्या पोरांपर्यंत वाढेल असं मागा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिआंनी नवी मुंबईत बेलापूरला ८० च्या दशकात घरं बांधली तेव्हा शेजारच्या घराला भिंत लागू दिली नाही, कारण प्रत्येकाला नंतर वाढवता यावं, आणि ७ घरांच्या मध्ये एक लहान अंगण. तुमच्या प्लॅनमध्ये जिना आधीच अशा जागी द्या की उद्या वरचा मजला चढवताना खालचं स्वयंपाकघर फोडायला लागणार नाही.

जांबोटीकडचा
सगळ्यांचे आभार. काल बाबांना घेऊन त्या फर्मनी किणयेकडं बांधलेलं एक घर बघून आलो, पाऊस चालूच होता. घरमालकांनी चहा दिला, बाबा चहा सोडून आधी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून आले. कोरडी होती. छप्पर तीन फुटांवर पुढं आलंय, चौकाला दोन पाइप आहेत. पंख्याचा हूक मात्र एका खोलीत विसरलाय म्हणे, तिथं टेबलफॅन आहे. घर त्यांनाच द्यायचं ठरतंय. भवनाचं बाबा पुढच्या बैठकीत वेगळं मांडणार आणि बायकांना बोलवायला आई स्वतः घरोघरी जाणार आहे.