उपासनेहून परतताना मन रितंच राहतं, काय करू?

सलाम मंडळी. मी साताऱ्यात राहते. दर रविवारी आईबरोबर चर्चला जाते. गीत, शास्त्रवाचन, उपदेश, दान, आशीर्वाद, सगळा क्रम इतका पाठ झालाय की परवा 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' म्हणताना मी मनात गवार निवडत होते! पाळकसाहेब माणूस म्हणून फार चांगले, पण उपदेश कागदावरून वाचतात आणि मागच्या बाकावर मी घड्याळ बघते.

मैत्रिणीच्या आग्रहाने स्पीकर लावून होणाऱ्या एका सभेलाही गेले. डोकं दुखायला लागलं, बस्स.

आजी तिन्हीसांजेला पेटी घेऊन ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग म्हणायची. शब्द कळायचे नाहीत, पण आत काहीतरी हलायचं. तेच हवंय. टिळकांनी १९१७ मध्ये इथे साताऱ्यातच 'देवाचा दरबार' नावाचा भक्तमेळा सुरू केला होता, बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. आणि त्याच गावात मला चार माणसं भजनाला मिळेनात!

सातारा, वाई, कऱ्हाड भागात कुणाच्या घरी छोटी प्रार्थना किंवा भजन होतं का? शांत बसता येईल, प्रश्न विचारता येतील असं. चर्च सोडायचं नाहीये, आईला ते सहन होणार नाही. पाळकसाहेबांशी बोलावं, तर त्यांना टीका वाटेल का? कुणी बोललं असेल तर सुरुवात कशी केलीत तेवढं सांगा.