मदत हवी आहे: सिक्युरिटी प्लसमध्ये ७५० म्हणजे नेमके किती प्रश्न बरोबर?

नमस्कार मंडळी. मी कुडाळचा, कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करतोय. गणपती झाले की परीक्षा द्यायची आहे. अभ्यास चाललाय, पण गुणांचं गणित काही केल्या सुटत नाही.

९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, गुण १०० ते ९०० या पट्टीवर आणि पास व्हायला ७५०. ओळखीतले बरेच जण ७५० ला ९०० ने भागून "८३ टक्के पाड" म्हणतात. मला ते पटत नाही. पट्टी शून्यापासून सुरूच होत नाही, शिवाय सगळ्या प्रश्नांना सारखं वजन नसतं. मग सरळ टक्केवारी लावायची कशी? सीआयएसएसपी या सायबर सुरक्षेच्याच दुसऱ्या परीक्षेतही १००० पैकी ७०० लागतात, पण तिथे आपल्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न ठरतो आणि २५ प्रश्न गुणांत धरतच नाहीत. म्हणजे दोन्हींची तुलनाही नको.

निकालपत्रात एकूण गुण आणि कुठल्या विषयात चुकलो एवढंच कळतं, म्हणून ज्यांनी परीक्षा दिली आहे त्यांनाच विचारतोय. सराव परीक्षांत सातत्याने किती टक्के पडायला लागल्यावर तुम्ही तारीख घेतलीत? आणि फायरवॉलचे नियम लावून दाखवा, लॉग वाचून बाधित मशीन ओळखा असले प्रात्यक्षिक प्रश्न सुरुवातीलाच येतात. ते तिथेच सोडवलेत की खूण करून शेवटी? माझा सगळा वेळ त्यांतच जातो. फी मोठी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगा.