केसरबाईंवर वात्रटिका: चालेल की नाही?

काळी पाच
गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात परवा वाचनालयाचा वर्धापनदिन झाला. मी पेटीवाला, पण नाटक उशिरा सुरू होणार होतं म्हणून मला म्हणाले, दहा मिनिटं काहीतरी कर. वहीत संगीतकारांवरच्या वात्रटिका होत्या, त्या वाचल्या. पहिली जर्मन संगीतकार बाखवर:

बाखबुवांना मुले वीस ती,
झोप कशाची, कुठली शांती!
एक रडे जर लावुन सा तर
दुसरे पंचम धरी बरोबर!

फ्यूग या पाश्चात्य रचनेत एका आवाजाने सुरावट मांडली की दुसरा तीच पंचमावरून उचलतो, एवढीच गंमत. चर्चमध्ये कॉयरबरोबर वाजवणारे दोघं मागे उभे होते, तेच आधी हसले. मग लुली. हा फ्रान्सच्या राजाचा संगीतकार. १६८७ साली जाड काठी जमिनीवर आपटून ताल देताना ती स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि तो गेला.

लुली काठिने ताल आपटी,
बसला घाव तयाच्या बोटी;
सम चुकली तर चालत असते,
त्याची सम त्या घेउन जाते!

इथवर टाळ्या. मग गायिका केसरबाई केरकरांवरची ही वाचली:

केसरबाई यानी बसुनी
गेल्या दूरच दूर निघोनी;
परग्रहींनो, गप्प बसा रे,
नाहीतर बाई उठतिल ना रे!

दुसऱ्या रांगेतले मामा उठले, चपला शोधल्या, गेले. अर्ध्या गावाला सा त्यांनी शिकवलाय, मलाही. नंतर समितीतला एक जण म्हणाला, "बाखवर कर हवं तेवढं, आपल्या माणसांवर कशाला?"

मला हे पटत नाही. परग्रहींना ऐकवायला व्हॉयेजर अंतराळयानांवर जी तबकडी पाठवली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे आणि त्याच तबकडीवर बाखच्या तीन रचना आहेत. शेजारी आहेत हो ते. शेजाऱ्याच्या पोरांवर हसायचं आणि बाईंच्या करारीपणावर नाही, हा कुठला न्याय?

मारदोळ फाटा
मामांनी केलं ते बरोबर केलं. लुलीला जाऊन सव्वातीनशेहून जास्त वर्षं झाली आणि त्याचं कुणी इथे राहत नाही. केसरबाई इथल्याच केरीच्या. देवळांत गाण्याची सेवा करणाऱ्या कलावंत समाजातल्या बाईने गायचं ठरवलं की गाव आधी काय बोलत होतं ते आमच्या आजीने ऐकलंय. मैफल ऐकायला हेच लोक पुढे, आणि मागून टोमणे मारायलाही हेच. एवढं सोसून त्या अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या आणि त्या जागी पोचल्या. त्यांचा करारीपणा तुम्हाला गमतीचा वाटतो. त्या काळात बाईला मैफलीत मान मिळवायचा तर दुसरा उपाय काय होता?

गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे दिसतात. त्यावरही चार ओळी पाडणार का?

घुमटवाला
बाय, राग मानू नकोस, पण गोव्यात बसून हे बोलतेस? आमच्या तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात, कांतारवाला (गाणारा) स्टेजच्या काठावर येऊन पहिल्या रांगेतल्या मंत्र्याला त्याच्या तोंडावर धुतो, आणि मंत्री टाळ्या वाजवतो, कारण न वाजवून सांगतो कुणाला! चवथीला घुमट आरतीत कोण चुकला त्याची टर उडवल्याशिवाय आमच्याकडे मोदक खाली उतरत नाही. पहिला तियात्र १८९२ साली मुंबईत झाला, केसरबाईंचा जन्मही त्याच सालचा. म्हणजे बाई आणि थट्टा एका वयाच्या.

आणि थट्टा संगीतकारांनीच सुरू केली. ऑस्ट्रियातला संगीतकार हायडन, त्याच्या वादकांना राजपुत्राने उन्हाळी वाड्यात महिनोन्महिने अडकवून ठेवलं होतं, बायकापोरं लांब. हायडनने १७७२ मध्ये अशी सिम्फनी केली की शेवटी एकेक वादक आपल्यापुरती मेणबत्ती विझवून उठून जातो आणि अखेर दोन व्हायोलिन उरतात. राजपुत्र समजला, सुट्टी मिळाली. मामा उठून गेले ते हायडनच्या परंपरेतच!

पागोळी
केसरबाईंचं बाजूला ठेवा. मला बाखवालीच खटकली. वीस मुलं खरी, पण मोठी होईपर्यंत जगली ती दहाच. हे माहीत झाल्यावर "झोप कशाची" वाचून हसू येत नाही. लांबून पाहिलं म्हणून विनोद झाला, एवढंच.

काळी पाच
@पागोळी, हे मला ठाऊक होतं आणि तरी लिहिली. आता तुमचं वाचून जरा ओशाळलो, खोटं कशाला बोलू? पण पंचमाची ओळ काढणार नाही.

@मारदोळ फाटा, माझी थट्टा त्यांच्या करारीपणावर नाही हो, गप्पा मारणाऱ्या श्रोत्यांवर आहे. गप्प मी परग्रहींना बसवतोय.

मारदोळ फाटा
मग केसरबाईंचं नाव न घेता श्रोत्यांवर लिहा ना. आणि यानाचं म्हणाल तर, व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला उडालं आणि बाई १६ सप्टेंबरला गेल्या. अकरा दिवस. तिथे तुम्हाला "यानी बसुनी" सुचतं, मला सुचत नाही.

तिहाई
तबलजी आहे, मान-अपमानातलं कळत नाही. पण चौथी ओळ मोजली. "नाहीतर बाई उठतिल ना रे" अठरा मात्रा. बाकी अकरा ओळी सोळाच्या, सरळ तीनतालात बसतात, आणि नेमकी शेवटची दोन मात्रांनी समेच्या पुढे जाऊन पडते. मीसुद्धा उठलो असतो. "बाई उठतिल मधेच, ना रे" करा, सोळा होतात.

खाप्रूमामा पर्वतकरांच्या प्रांतात आपण राहतो. हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरणारा तो माणूस. निदान त्यांच्या नावाने तरी मात्रा मोजा.

अर्धा चहा
तबलजी, जरा थांबा. इंग्रजीत चार ओळींची अशीच वात्रटिका असते, क्लेरिह्यू. एडमंड क्लेरिह्यू बेंटलीने काढलेली, म्हणून त्याचंच मधलं नाव. पहिल्या ओळीत मोठ्या माणसाचं नाव, दोन-दोन ओळींचं यमक, आणि ओळी मुद्दाम लांब-आखूड. वेडंवाकडं चालणं हाच तिचा डौल. अठरा मात्रा ही चूक नाही, शैली आहे.

तिहाई
शैली असेल तर पहिल्या ओळीपासून हवी. अकरा ओळी सरळ चालायचं आणि दारात आल्यावर ठेचकाळायचं, याला आमच्याकडे ठेचकाळणंच म्हणतात.

घुमटवाला
😄 हे मात्र कबूल.

पागोळी
माइकचा आवाज किती होता तेही सांगा. वर्धापनदिनांना निम्मे लोक त्यामुळेच उठतात.

काळी पाच
माइक बरा होता. आज संध्याकाळी मामांकडे जाऊन आलो. केसरबाईंचा विषय मी काढला, त्यांनी धरला नाही. साडेतीन मिनिटांची ती भैरवी लावली, दोनदा. चहा आला. निघताना किराण्याच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेला कागद हातात दिला:

पेटीवाला भाता ओढी,
गवयाआधी तानच सोडी;
गाणे सरले, टाळ्या सरल्या,
पट्ट्या याच्या अजून उरल्या!

घुमटवाला
देव बरें करूं! मामा जिंकले. म्हणजे थट्टा चालते त्यांना.

मारदोळ फाटा
पेटीवाल्यावर चालते, समोर बसलेल्या. उत्तर देऊ शकतो त्याच्यावर. बाईंवर त्यांनी लिहिली नाही, हेही बघा.

काळी पाच
बघितलं. पुढच्या वेळी भैरवी आधी लावीन आणि मग वाचीन. वाचणार मात्र आहे.

तिहाई
मामांच्या मोजल्या. चारही ओळी सोळा.