ड्रम्स मात्र खऱ्या माणसाने वाजवलेलेच घ्या

बँडचा अल्बम रेकॉर्ड करायचाय म्हटलं की गिटार, बेस, गाणं सगळं घरी लॅपटॉपवर करा, ड्रम्सही प्रोग्रॅम करा, म्हणजे न वाजवता सॉफ्टवेअरमध्येच बनवा, स्टुडिओचं भाडं वाचेल, असं दोघंतिघं तरी सुचवतातच. गिटार-बेसचं पटतं. आमच्या अल्बमच्या गिटारी आम्हीही डोंबिवलीला घरीच, इंटरफेसला (वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) थेट जोडून घेतल्या. पण ड्रमरच्या हाताचा जोर दर ठोक्याला थोडा बदलतो आणि अख्खा बँड त्या जोरावर उभा असतो. तो सोडू नका.

अडचण खोलीची येते. अंधेरीत आम्हाला परवडला तो स्टुडिओ मुळात डबिंगसाठी बांधलेला, छत बुटकं. खोलीत स्नेअर (सेटमधला कडक, तडतडीत आवाजाचा ड्रम) खणखणीत, स्पीकरवर मात्र पत्र्याचा डबा. माइक बदलले, ड्रमची स्किन (वरचा पडदा) ताणली, अर्धा दिवस गेला. शेवटी रेकॉर्डिस्टने खालून सुतळी मागवली, एक टोक स्नेअरच्या मधोमध दाबून धरलं आणि ड्रम्सच्या वर लावलेल्या दोन्ही माइकांपर्यंतचं अंतर मोजलं. एक माइक वीतभर लांब निघाला! आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे एकच ठोका दोन माइकांत अर्ध्या मिलिसेकंदाहून जास्त मागेपुढे पोचत होता, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केले की काही कंपनं एकमेकांना खाऊन टाकत होती. अंतरं सारखी केल्यावर स्नेअरला अंग आलं, आमचा ड्रमर पहिल्यांदा हसला. उरलेल्या दीड दिवसात सात गाण्यांचे ड्रम्स झाले. बुकिंगला जाताना सुतळी आणि ड्रम-की (स्किन ताणायची चावी) पिशवीत टाकाच.