बी.कॉम. झालं की सीएच का? कर सल्लागाराची वाट कोणी सांगतच नाही

खतावणी_सोलापूर

बी.कॉम. झालेल्या, टॅली येणाऱ्या मुलामुलींपुढे आपण दोनच पर्याय ठेवतो. सीए कर, नाहीतर कुठेतरी अकाउंटंट म्हणून चिकट. कर सल्लागार होता येतं, आणि त्यावर मानाने पोट भरता येतं, हे त्यांना कॉलेजात कोणी सांगत नाही. मी हेच काम करते, म्हणून ठामपणे लिहिते आहे. विरोधी मतं असतील तर जरूर मांडा.

वाणिज्य पदवी असली की जीएसटीच्या पोर्टलवर पीसीटी-०१ अर्ज भरून जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे व्यापाऱ्यांची जीएसटी रिटर्न भरून देणारा अधिकृत माणूस, म्हणून नोंदणी होते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत 'नासिन' या केंद्राच्या कर-प्रशिक्षण अकादमीची परीक्षा पास व्हावी लागते. संगणकावर १०० प्रश्न, २०० गुण, वेळ अडीच तास आणि पास व्हायला निम्मे गुण. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, त्याची तयारी ठेवायची. आयकरात वाणिज्य पदवीधराला अशिलाचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून अधिकाऱ्यापुढे उभं राहता येतं. ही सोय १९६१ च्या कायद्यापासून चालत आली आहे.

आमच्याकडचा चादर-टॉवेलचा छोटा व्यापारी सीएकडे वर्षातून एकदा जातो. दर महिन्याला त्याला वेगळा माणूस लागतो. ७ तारखेला टीडीएस (कापून ठेवलेला आयकर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), २० ला ३बी (महिन्याच्या एकूण कराचं रिटर्न), मध्येच व्यवसायकर, मध्येच बँकेला कर्जासाठी कागद. तालुक्याच्या गावात हे काम नीट करणारी माणसं कमी आहेत. मग सगळ्या मुलांना एकाच अरुंद दारातून आत ढकलण्याचा हट्ट कशाला?

ताळेबंद_पुणे

ताई, मी सीए आहे आणि तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही मुलांना अर्धंच चित्र दाखवताय.

अडतं ते सहीपाशी. टॅक्स ऑडिट, म्हणजे आयकरासाठी लागणारी हिशेबतपासणी, फक्त सीएच करू शकतो. दुकानाची उलाढाल वाढली आणि ते ऑडिटमध्ये आलं, की इतकी वर्षं सांभाळलेलं अशील दुसऱ्याच्या दारात जातं, आणि बरेचदा जीएसटीचं कामही सोबत घेऊन जातं. २०१७-१८ आणि २०१८-१९ ची क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची मिळणारी वजावट) न जुळल्याची प्रकरणं आठवा. डिसेंबर २०२२ चं १८३ नंबरचं परिपत्रक आलं. एका पुरवठादाराच्या बिलांमधला वर्षाचा फरक पाच लाखांच्या आत असेल तर त्या पुरवठादाराचाच दाखला चालणार होता. पाच लाखांच्या वर गेला की सीए किंवा सीएमएचा (कॉस्ट अकाउंटंटचा) दाखला लागणार होता. फाईल सगळी प्रॅक्टिशनरने तयार केलेली असली तरी शेवटी धावपळ सहीसाठीच.

शिवाय ३बी मधले बरेचसे आकडे आता जीएसटीआर-१ आणि २बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून तयार होणारा आपल्या क्रेडिटचा तक्ता) यांवरून आपोआप उतरतात. पगारदारांचं रिटर्न आधीच भरलेलं समोर येतं. नुसतं रिटर्न भरून देण्यावर ज्याची भिस्त आहे, त्याचा दर दरवर्षी पडणार. बाविशीतल्या मुलाला या धंद्यात उतरवताना हे सांगायला नको?

ग्रुप१_नगर

ताळेबंद सर, सहीचं खरं आहे. पण त्या सहीपर्यंत पोचतात किती? गेल्या काही वर्षांत सीएच्या इंटर आणि फायनल या दोन्ही परीक्षांचे, दोन्ही ग्रुप (विषयांचे गट) एकदम देणाऱ्यांचे निकाल बहुतेक वेळा वीस टक्क्यांच्या आतच राहिलेत. उरलेल्यांचं काय करायचं?

माझा इंटरचा एक ग्रुप निघाला, दुसरा निघेना. घरात धाकटी बहीण शिकत होती, वडिलांची टपरी. मी नोंदणी केली, नासिन पास झालो आणि गावातच टेबल टाकलं. आज कांद्याचे व्यापारी, दोन मेडिकल, एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान माझ्याकडे आहे. इंटरला जे शिकलो त्यातलं रोज काहीतरी कामी येतं. लोक मात्र अजून 'सीए राहिला का रे?' असंच विचारतात. राहिला म्हणजे काय? मी कामच करतोय ना!

लेखापरीक्षक_सातारा

कराच्या चर्चेत सहकार थोडा आडवा येईल, पण बी.कॉम.वाल्यांनी जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) विसरू नये. सहकार खात्याची परीक्षा, साधारण मे महिन्यात होते. पुढे अनुभव घेऊन पॅनेलवर नाव लागलं की गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्थांची ऑडिटं मिळतात, तीही स्वतःच्या सहीने. करसल्ल्याला याची जोड दिली तर सहीचा प्रश्न थोडा तरी सुटतो. एवढंच सांगायचं होतं.

खतावणी_सोलापूर

लेखापरीक्षक, चांगली भर घातलीत.

ताळेबंद सर, रिटर्न भरणं म्हणजे कर सल्लागाराचं काम, हे मला मान्य नाही. एक उदाहरण देते. एका हार्डवेअरवाल्याला एएसएमटी-१० (रिटर्नमधल्या फरकाबद्दल जीएसटी खात्याची नोटीस) आली: तुम्ही घेतलेलं क्रेडिट २बी मध्ये दिसणाऱ्या क्रेडिटपेक्षा जास्त आहे, खुलासा करा. मालक घाबरून पैसे भरायला तयार. मी खरेदीची खतावणी आणि २बी समोरासमोर ठेवून एकेक बिल लावलं. काही बिलं पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये होती, कारण पुरवठादाराने जीएसटीआर-१ उशिरा भरला होता. काही बिलांवर दुकानाचा जीएसटी नंबरच टाकला नव्हता, ती किरकोळ विक्रीत दाखवली गेली होती. एका मोठ्या बिलाचा माल परत गेला होता, पण क्रेडिट उलटवलं नव्हतं. तेवढं खरंच भरायचं होतं. ते व्याजासकट भरलं, किरकोळमध्ये गेलेल्या बिलांसाठी पुरवठादाराकडून दुरुस्ती करून घेतली आणि तीस दिवसांच्या आत एएसएमटी-११ मध्ये बिलांच्या यादीसह उत्तर दिलं. प्रकरण तिथेच मिटलं.

यातलं पोर्टलने काय केलं? फरक दाखवला. तो का पडला, हे शोधायला जमाखर्चच यावा लागतो. म्हणून तर मी बी.कॉम.च्या मुलांसाठी लिहिते आहे. त्यांच्याकडे पाया आहे.

आणि १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाला आहे. कलमांचे आकडे बदलले, मागील वर्ष आणि करनिर्धारण वर्ष यांच्या जागी एकच 'टॅक्स इयर' आलं. जुनी कलमं पाठ असलेल्या आम्हा सगळ्यांना पुन्हा वाचायला बसावं लागतंय. नव्या मुलाला याहून चांगली वेळ कुठली?

ताळेबंद_पुणे

हार्डवेअरवाल्याचं काम उत्तम झालं, मनापासून सांगतो. पण ताई, ते तुम्ही नासिनच्या परीक्षेत शिकलात का? शंभर पर्यायी प्रश्न सोडवणाऱ्याला खतावणी लावून नोटिशीचं उत्तर लिहिता येतं, असं अजिबात नाही. माझी खरी काळजी तीच आहे. परवाना हातात येतो आणि काम येत नसतं.

त्याची किंमत दुकानदार मोजतो. एखाद्या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेतलं नाही, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधीच भरून टाकलं, तर ते कायमचं गेलं. असे हिशेब घेऊन लोक माझ्याकडे आलेत. कर त्यांनी माल घेताना दिलेला असतो आणि तोच पुन्हा खिशातून भरावा लागतो. सीए होताना करायची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता दोन वर्षांची आहे. ती दोन वर्षं कोणीतरी तुमच्या प्रत्येक कागदावर लाल शाई मारतं. कर सल्लागाराच्या वाटेवर ती लाल शाई कोण मारणार?

ग्रुप१_नगर

सर, इथे मी तुमच्या बाजूने. मी इंटर करताना एका ऑफिसात बसलो होतो म्हणून निभावलं. माझ्या ओळखीतल्या एकाने नुसता क्लास लावला, परीक्षा दिली, बोर्ड लावला. पहिल्या नोटिशीलाच त्याची गाळण उडाली. पण याचा अर्थ वाट चुकीची आहे असा नाही. उमेदवारी सक्तीची करा. नियमात ती नाही, हीच उणीव आहे.

परभणीची_लेक

मी वाचतेच आहे केव्हाची. या वर्षी बी.कॉम. झाले, ६१ टक्के. पुण्याला ठेवायची घरची ऐपत नाही आणि आर्टिकलशिपसाठी बाहेर राहायला घरचे तयारही नाहीत. इथे एका कर सल्लागारांकडे जागा आहे, पगार थोडाच. ताई, सर, आधी काय करू? भांडण नको, नेमकं सांगा.

ताळेबंद_पुणे

बाळ, ५५ टक्क्यांच्या वर वाणिज्य पदवी आहे म्हणजे फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा न देता इंटरला थेट प्रवेश मिळतो. ते दार बंद करू नकोस. परभणी-नांदेडमध्येही सीएंची ऑफिसं आहेत, आर्टिकलशिप पुण्यातच करावी लागते असं नाही. आधी तिथे विचार, आणि घरच्यांना सोबत घेऊन जा.

खतावणी_सोलापूर

ती जागा धर. मिळेल तो पगार घे, पण बोलणी करताना एक अट घाल: नुसती बिलं टॅलीत चढवणार नाही, दर महिन्याला निदान एका अशिलाचं २बी मी स्वतः लावणार आणि साहेबांनी ते तपासायचं. नोटीस आली की उत्तराचा कच्चा मसुदा मी लिहिणार. साहेब नाही म्हणाले तर दुसरं ऑफिस शोध.

पीसीटी-०१ लगेच भरू नकोस. नोंदणीपासून दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं. आधी सहा-आठ महिने हात बसू दे, मग नोंदणी कर आणि परीक्षेला बस. राज्य कर निरीक्षकाची एमपीएससीची जाहिरात आली तर तीही भर. कायद्याचा अभ्यास झालेलाच असेल, पलीकडच्या टेबलावर बसायचीही तुला संधी आहे.

सर इंटरचं म्हणतात ते एक वर्ष काम केल्यावर ठरव. तोपर्यंत तुला स्वतःलाच कळेल, सहीसाठी आणखी वर्षं द्यायची की नाही. ते आम्ही इथून ठरवू नये.

ताळेबंद_पुणे

एक वर्ष थांबायला माझा विरोध आहे. कमावायला लागलं की पुस्तक सुटतं, हे मी फार जणांचं पाहिलंय. इंटरची नोंदणी आत्ताच कर. बाकी ताईंची अट मात्र शब्दशः पाळ.