दुबईत ९,००० दिरहम पगार, तिघांचा संसार: हिशोब बसतो का?

कृष्णाकाठची (सांगली)

धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. त्याला दुबईची ऑफर आलीय, महिना ९,००० दिरहम, सगळं धरून. म्हणजे घरभाडं, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा मिळणार नाही. भावजय आणि सहा वर्षांची पोरगी लगेच बरोबर न्यायचं घाटतंय. घरात जो तो दिरहमचे रुपये करायला २४ ने गुणतो आणि दोन लाखांच्या वर आकडा आला की खूष होतो. खर्चाला २४ ने कुणी गुणत नाही. जाणकारांनी सांगावं: महिन्याला खरंच काय उरेल, सुरुवातीला इथून किती रक्कम न्यावी लागेल आणि सामानात काय न्यावं?

माणदेशी_गडी (आटपाडी)

ताई, महिन्याचा हिशोब नंतर. पहिला दणका घराचा बसतो, कारण तिथं भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. चेक जितके कमी तितकं भाडं कमी करून मिळतं. वन बीएचके वर्षाला ६०,००० दिरहम आणि चार चेक धरू. चावी हातात पडायच्या आत हे लागतं: पहिला चेक १५,०००, डिपॉझिट ५ टक्के म्हणजे ३,००० (फर्निचरसकट घर असेल तर १० टक्के), एजंटचं कमिशन सहसा ५ टक्के आणि त्यावर व्हॅट धरून ३,१५०, वीज-पाण्याचं म्हणजे 'डीवा'चं डिपॉझिट २,०००. भाडेकराराची सरकारी नोंद, तिला इजारी म्हणतात, आणि वीज जोडणीचे मिळून तीन-चारशे. बेरीज साडेतेवीस हजारांच्या घरात. आता गुणा २४ ने! साडेपाच लाखांच्या वर गेलं, अजून गादीसुद्धा घेतलेली नाही.

शिवाय नवीन माणसाकडे चेकबुक नसतं. एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, हातात आल्यावर खातं, मग चेकबुक, त्यात काही आठवडे सहज जातात. म्हणून ऑफरवर सही करायच्या आधी कंपनीला विचारायचं की वर्षाच्या भाड्याची उचल देता का आणि ती पगारातून हप्त्याने कापता का. बऱ्याच कंपन्या देतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

चेक घरमालकाच्याच नावाने लिहायचा आणि ते नाव मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटल डीडवर, स्वतः बघायचं. एजंटच्या हातात रोकडा द्यायचा नाही. चेक वटला नाही तर प्रकरण थेट वसुली कोर्टात जाऊ शकतं आणि देश सोडायला बंदीही येऊ शकते.

डीवाचं बिल आलं की नवीन लोक चक्रावतात. त्यात वार्षिक भाड्याच्या ५ टक्के 'हाउसिंग फी' बारा हप्त्यांत लावलेली असते. ६०,००० वर महिना २५० दिरहम. ते डिपॉझिट नव्हे, परत मिळत नाही. घर बघताना 'चिलर फ्री', म्हणजे एसीच्या गारव्याचा खर्च भाड्यातच, आहे का एवढं विचारा. नसेल तर एसीचं बिल वेगळी कंपनी पाठवते, तिचं डिपॉझिट वेगळं, आणि बऱ्याच इमारतींत एसी बंद ठेवला तरी ठरावीक आकार चालूच राहतो.

आता महिना: भाडं ५,०००, फी २५०, वीज-पाणी-एसी ५००, किराणा-भाजी-दूध १,५००, मोबाइल आणि इंटरनेट ५००, मेट्रोचा पास ३५०. झाले ८,१००. उरलेल्या ९०० मध्ये शाळा, स्कूलबस, औषधपाणी आणि गावी यायची तिकिटं. माझ्या मते बसत नाही.

अजिंक्यतारा_७७ (सातारा)

एकूण पगार बघू नका, त्यातला 'बेसिक', म्हणजे मूळ पगार, किती ते बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवरच मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. बेसिक ४,५०० असेल तर वर्षाचे ३,१५० होतात, ३,००० असेल तर २,१००. ऑफर लेटरमध्ये फोड नसेल तर लेखी मागून घ्या. व्हिसा आणि वर्क परमिटचा खर्च कायद्याने कंपनीचा. तो पगारातून कापतो म्हणाले तर तिथंच सावध व्हा.

कृष्णाकाठची (सांगली)

मग वर्षभर एकट्यानंच जावं का? आणि शेजारच्या शारजात राहून दुबईत कामाला जातात असंही ऐकलंय.

माणदेशी_गडी (आटपाडी)

पहिलं वर्ष एकट्यानं, हेच बरं. देइरा, करामा, बर दुबईत शेअरिंगमध्ये खोली किंवा बेड मिळतो आणि भाडं महिन्याचं असतं, चेकची भानगड नाही. फक्त आपलं नाव त्या घरात सहरहिवासी म्हणून नोंदवणार का ते आधी विचारायचं. नोंद नसलेल्या, माणसं कोंबलेल्या खोलीवर धाड पडली की रातोरात बिछाना उचलावा लागतो.

शारजात भाडं कमी, पण दुबईची मेट्रो तिथं जात नाही. सकाळी दुबईकडे आणि संध्याकाळी उलट्या बाजूला जी रांग लागते तिच्यात दिवसाचे दोन-तीन तास जातात. गाडी घेतली तर सालिक, म्हणजे टोल. २०२५ पासून सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ८ या वेळेत रविवार सोडून प्रत्येक गेटला ६ दिरहम, एरवी ४, रात्री १ ते पहाटे ६ फुकट. भारतातलं लायसन्स नुसतं दाखवून तिथलं मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते आणि त्या शिकवणीला काही हजार जातात. मेट्रोजवळ राहिलं तर साध्या नोल कार्डावर, म्हणजे तिथल्या प्रवासाच्या कार्डावर, अंतराप्रमाणे ३, ५ किंवा साडेसात दिरहम. बायकामुलांच्या डब्यात चुकून जरी शिरला तरी १०० दिरहम दंड, हे भावाला आत्ताच सांगून ठेवा.

हळदबाजार (सांगली)

कागद आणि सामान याबद्दल लिहितो.

कुटुंबाच्या व्हिसाला ४,००० दिरहम पगार पुरतो, तेव्हा अडचण पगाराची नाही, विवाह नोंदणी दाखल्याची आहे. आधी राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा, शेवटी तिकडं गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. नुसतं अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा परदेशासाठीचा प्रमाणशिक्का, तिथं चालत नाही. आपल्याकडे हमखास घोळ होतो तो नावात: दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मधलं नाव तिसरंच. शिक्के मारायला द्यायच्या आधी ते जुळवून घ्या, नाहीतर सगळी साखळी पहिल्यापासून. दुबईत नोकरदाराचा आरोग्य विमा कंपनी काढते, बायको-मुलांचा ज्याच्या व्हिसावर ती आलीत त्याने काढायचा. तोही खर्च धरा. शाळांच्या फीचे तक्ते केएचडीए या सरकारी संस्थेच्या साइटवर शाळावार असतात. सीबीएसईच्या शाळा तुलनेनं स्वस्त, पण बसचे पैसे वेगळे विचारा.

तांदूळ, डाळी, ज्वारीचं पीठ, पापड, लोणचं सगळं बर दुबई-करामात मिळतं, गोण्या वाहू नका. हळद न्या हवी तर, आपल्यासारखी नसते. पण खसखस चुकूनही नाही. तिथं ती अमली पदार्थात मोडते, मुठभर सापडली तरी अटक होऊ शकते. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक घरी खसखस पडतेच, म्हणून भावासाठी डंकावर वेगळा, बिनखसखशीचा मसाला कांडून घ्या. दिवाळीत कुणाबरोबर अनारसे पाठवायचा तर मोहच नको. कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या याही परवानगीशिवाय न्यायच्या नाहीत.

अजिंक्यतारा_७७ (सातारा)

एक राहिलं. नोकरीसाठी जाणारा माणूस १ एप्रिल ते ३१ मार्चमध्ये भारतात १८२ दिवस भरला तर त्या वर्षी तो इथला रहिवासीच धरतात, आणि दुबईचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. तिथं आयकर नसल्यामुळे तिकडं भरलेला कर म्हणून इथल्या करातून वजा करायलाही काही नसतं. त्यामुळे कंपनी तारखेला राजी असेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आत निघावं. इथलं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडून येणारा पैसा एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या, खात्यात टाका, व्याजावर कर नाही आणि रक्कम परत नेता येते. आणि नोकरी गेल्यावरचा सरकारी विमा आहे तिथं, बेसिक १६,००० पर्यंत असेल तर महिना ५ दिरहम. तो ज्याचा त्याने काढायचा असतो, राहिला तर ४०० दंड.