वाढवण बंदर : २० मीटर खोली, शूर्पारकाचा वारसा आणि आमचा समुद्र

वरोरची_लाट : काल एका गटावर वाचलं, "वाढवणला निसर्गानेच २० मीटर खोली दिलीय, शूर्पारक या प्राचीन बंदरापासूनचा वारसा आहे, तरी विरोधकांना मासळीच मोठी वाटते." हो, वाटते. मी मांगेल्यांच्या, म्हणजे मासेमारांच्या घरातली. आई खडकांवर कालवं फोडायची, त्यावर आम्ही शिकलो. डहाणू तालुक्यात होणाऱ्या या बंदरासाठी समुद्रात टाकायचा भराव १४४८ हेक्टरचा आहे. ती खोली किनाऱ्याला लागून नाही, काही किलोमीटर आत आहे, आणि मधलं पाणी रिकामं नाही. पापलेट, घोळ तिथलीच. डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ला इथल्या बंदराला नाही म्हटलं, २०२३ला परवानगी दिली. पंचवीस वर्षांत मासे दुसरीकडे राहायला गेले का?

मालवाहू : मी निर्यातीत आहे. २४ हजार टीईयूचं (वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू) जहाज पूर्ण भरलं की १६-१७ मीटर पाण्यात बसतं. न्हावाशेव्याला गाळ उपसून १५ मीटरपर्यंत पोचलो. मोठी जहाजं येत नाहीत म्हणून माल परक्या बंदरात जहाज बदलतो. माझा एक लॉट तसाच अकरा दिवस अडकला, ग्राहक कायमचा गेला. वाढवणजवळून मालगाड्यांचा दिल्ली मार्ग जातो. एवढी सोय दुसरीकडे दाखवा.

जुनी_वसई : शूर्पारक म्हणजे सोपारा, वसई तालुक्यात. वाढवण डहाणूत. १८८२ला पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्याच गावचा. पण तिथे आज बंदर कुठाय? खाडी गाळाने भरली.

मालवाहू : मग माझाच मुद्दा झाला! खाडी भरते, म्हणून खोल समुद्र हवा.

जुनी_वसई : खोलीचं बोला ना, मान्य करतो. सोपाऱ्याचं नाव कशाला लावता? तिथले व्यापारी किनारा भरून काढत नव्हते.

उरणकर : खोली, वारसा राहू द्या. जमीन जाते तेव्हा काय होतं ते विचारा. जानेवारी १९८४ला, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून झालेल्या दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं धोरण आलं. आमच्या आजोबांची भातशेती एका प्रकल्पात गेली. भूखंडासाठी बाबांनी सतरा वर्षं खेटे घातले. कागद हातात आला त्याच्या आदल्या वर्षी ते वारले.

मालवाहू : प्रत्येक धाग्यावर उरण! इथे विषय जागेच्या फायद्यांचा आहे.

उरणकर : फायदा कोणाला, हाच विषय आहे. तुमचे अकरा दिवस मोजायचे आणि आमची सतरा वर्षं नाही?

जुनी_वसई : आवाज खाली ठेवा दोघांनी. बाबांचं ऐकून वाईट वाटलं.

मालवाहू : ठीक आहे. भरपाई आधी लेखी मिळावी, भराव नंतर. एवढं मी मानतो. पण ७६,२२० कोटींचं बंदर नकोच, हे मानणार नाही.

वरोरची_लाट : लेखी म्हणता, तर कोणाच्या नावाने? आमच्याकडे सातबारा नाही, समुद्र कोणाच्याच नावावर नसतो. आई बासष्ट वर्षांची आहे. खडकावरचं सोडून दुसरं काम तिला येत नाही. तिच्यासाठी कागदावर काय लिहिणार, ते सांगा.